उजवीकडचा खिसा

"तुम्ही तिला सांगितलंत."

"नाही सांगितलं, साहेब."

"मग तिला कळलं कसं? सकाळपासून सहा जणं येऊन गेली. पाच जणांनी छातीवर हात ठेवल्यासारखं केलं आणि पोपटासारखं 'डावीकडे' म्हणून मोकळी झाली. ही येते काय, आणि सरळ उजवीकडे हात ठेवते काय!"

"हुशार असेल."

"मागच्या परीक्षेत हीच मुलगी हळू म्हणून नापास झालीये. सहा महिन्यांत एवढी हुशारी? मास्तर, छातीवर हात ठेवून सांगा, तुम्ही तोंड उघडलंत की नाही?"

मास्तरांनी छातीवर हात ठेवला. उजव्या बाजूला.

"माझी थट्टा करताय?"

"थट्टा कसली, साहेब? माझं काळीज तिथेच आहे, त्याला मी काय करू?"

पडद्यापलीकडे वॉर्डातल्या मावशींना हसू आवरेना. त्यांनी घाईघाईने खोकल्याचं सोंग केलं.

भांडत होते ते बाहेरून आलेले परीक्षक. दुसऱ्या कॉलेजातले, कडक, दोन पेनं लावून फिरणारे. ज्यांच्याशी भांडत होते ते उजवे मास्तर. आडनाव काही वेगळंच होतं, पण या इस्पितळात ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांचं हृदय जन्मापासून उजवीकडे. यकृतही उलट, डावीकडे. आरशात बघून बनवल्यासारखा सगळा माणूस. एरवी ठणठणीत. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आणि गेली बावीस वर्षं डॉक्टरकीच्या मुलांची परीक्षा असली की ते दुकान अर्धा दिवस बंद ठेवून इथे येऊन उघड्या अंगाने पलंगावर पडायचे. परीक्षेच्या भाषेत त्यांना म्हणायचे 'केस'.

ही केस फार बेरकी होती. पुस्तक सांगतं, ठोका डावीकडे लागतो. हाताला न लागताच जो पुस्तकातलं म्हणून दाखवतो, तो इथे उघडा पडतो. केसला नियम एकच. नाव, वय, धंदा, त्रास काय ते विचारलं तर सांगायचं. बाकी तोंडाला कुलूप. बावीस वर्षांत मास्तरांनी ते कुलूप कधी काढलं नव्हतं. घामाघूम झालेली पोरं डोळ्यांनी विनवायची, "काका, हिंट द्या ना!" मास्तर छताकडे बघत पंख्याची पाती मोजायचे.

"हे बघा मॅडम," पाहुणे परीक्षक पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बाईंकडे वळले. त्या या कॉलेजच्या परीक्षक. "पेपर फुटला असेल तर मी हिची परीक्षा रद्द करणार. पुन्हा सहा महिने. मला वाईट वाटेल, पण करणार."

"करा," मॅडम म्हणाल्या. "पण आधी तिला विचारा."

मास्तर उठून बसले.  आपण तोंड उघडलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण मग पोरीला कळलं कसं, हे त्यांनाही कळत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच आठवत होतं की ती आली, धंदा काय विचारलं, मग तळहात एकमेकांवर चोळून ऊन केले आणि म्हणाली, "काका, हात लावू ना?"

तळहात चोळणारी माणसं मास्तरांनी आयुष्यात मोजकीच पाहिली होती. पहिली पाहिली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते.

सतराव्या वर्षापासून ते एका मोठ्या टेलरकडे उमेदवारी करायचे. त्याच वर्षी ताप आला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डावीकडे नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि तोंड पाडलं. "ठोके फार क्षीण आहेत रे. काळीज कमजोर आहे तुझं. जिने चढू नकोस. पायमशीन तर बंदच." झालं! शिंप्याच्या पोराला पायमशीन बंद म्हणजे माशाला पाणी बंद. मालक चांगला होता, त्याने हाकलून दिलं नाही. पण कोपऱ्यात बसवलं आणि हातात काजं-बटणं दिली. दोन वर्षं हा पोरगा दुसऱ्यांच्या शर्टांना काजं करत राहिला. घरी आई त्याला पाण्याची घागर उचलू देईना. धाकटी बहीण जिन्यात त्याचा हात धरायची. विशीच्या आतच म्हातारपण आलं, आणि तेही फुकट.

शेवटी मालकानेच एक दिवस मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या गर्दीत एक विद्यार्थिनी त्याच्या वाट्याला आली. जेमतेम त्याच्याच वयाची, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. तिने तळहात चोळले. डावीकडे हात ठेवला, काही लागेना. लागल्यासारखं केलं नाही तिने. तसाच हात हळूहळू सरकवत सरकवत उजवीकडे आली, आणि थांबली.

"अय्या," ती म्हणाली, "तुम्ही इकडे आहात होय!"

तिने सरांना बोलावलं, एक्सरे निघाला, खरं ठरलं. काळीज कमजोर नव्हतंच. गल्लीतल्या डॉक्टरांनी चुकीच्या दारावर टकटक केली होती, एवढंच.

"मग मी काजं-बटणं सोडून मशीन चालवू?" पोराने विचारलं.

"पळवा!" ती म्हणाली. मालकाचा विश्वास बसावा म्हणून तिने कागदाच्या चिठोऱ्यावर तसं लिहून दिलं आणि पुढच्या रुग्णाकडे वळली. तिची दहा मिनिटं गेली असतील.

पुढे नऊ-दहा वर्षांनी मास्तर खोकला झाला म्हणून याच इस्पितळात आले. एक्सरे बघून डॉक्टरांची जत्रा जमली आणि कुणीतरी म्हणालं, "परीक्षेला केस म्हणून याल का?" नाही म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून एक तरुण बाई मुलांना रागावताना ऐकू आली, "आधी हात ऊन करा रे!" आवाज तोच. चष्मा तसाच घसरलेला. तिने मास्तरांकडे पाहिलं, ओळख मात्र पटली नाही. कशी पटणार? तो काडीपहिलवान पोरगा आता पोट सुटलेला गृहस्थ झाला होता.

"येईन," मास्तर म्हणाले. घरी बायकोने कपाळाला हात लावला. "तुमचं सगळंच उलटं! लोक इस्पितळातून पळून येतात, तुम्ही पळत जाताय!"

मॅडमनी बोलावल्यावर मुलगी आत आली. तिचे ओठ सुकले होते.

"कसं कळलं तुला?" पाहुण्यांनी विचारलं. "खरं सांग."

"शर्ट बघितला, सर."

"काय?"

मुलीने पलंगाशेजारच्या खुंटीकडे बोट केलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तिथे मास्तरांचा फिकट निळा शर्ट टांगलेला होता.

"खिसा उजवीकडे आहे. आधी वाटलं, चुकून लागला असेल. पण काका म्हणाले होते, मी शिंपी आहे. शिंप्याचा स्वतःच्या शर्टाचा खिसा चुकून उजवीकडे कसा जाईल? म्हणून आधी उजवीकडे हात ठेवला."

मावशी आता पडद्याच्या आतच येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. बावीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं, आणि खिडकी सताड उघडी!

"म्हणजे तू रुग्ण नाही तपासलास, त्याचा शर्ट तपासलास!" पाहुणे शर्टाकडे गेले. खिशात दोन बोटं घातली, आणि त्यांचा चेहरा बदलला. बोटांत एक चिठोरं होतं. "आणि हे काय? 'हृदय उजव्या बाजूला आहे.' वा! चिठ्ठीच सापडली!" त्यांनी चिठ्ठीशेजारी गुणपत्रिका धरली. "मॅडम, हा 'ह' सकाळपासून बघतोय मी. अक्षर तुमचं आहे."



मॅडमनी चिठ्ठी घेतली. पुढून-मागून चिकटपट्ट्या लावून लावून ती पापडासारखी कडक झाली होती. शाई तपकिरी पडली होती. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"'यांचं हृदय उजव्या बाजूला आहे. जन्मापासून आहे,'" त्या वाचू लागल्या. "'निरोगी आहे. शिलाईचं मशीन चालवायला हरकत नाही. जोरात चालवलं तरी...'" आवाज अडखळला. "'...जोरात चालवलं तरी चालेल.'"

खाली सही होती. सहीखाली 'तिसरं वर्ष'. आणि तारीख, एकतीस वर्षांपूर्वीची.

पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावरून तारीख वाचली. पुन्हा वाचली. त्यांचा राग हवा गेलेल्या फुग्यासारखा बसला.

"खिशाला मी हात लावला नाही, सर," मुलगी हळूच म्हणाली. "दुसऱ्याच्या खिशाला कसा लावणार?"

पाहुण्यांनी तिने लिहिलेला तपासणीचा कागद उचलला. या वेळी सावकाश, बोट ठेवून वाचला. मग मान हलवली. "यकृत डावीकडे, ठोकून पाहिलं. हे शर्टावरही नाही आणि चिठ्ठीतही नाही. हे हाताने शोधलंय." त्यांनी पेन काढलं. "तपासणीची पहिली पायरी कोणती गं?"

"बघणे, सर."

"हं. बघितलंस तू. मी सकाळपासून त्या शर्टासमोर उभा आहे, मला नाही दिसला." त्यांनी गुण लिहिले आणि कागद मॅडमकडे सही करायला सरकवला. आकडा बघून मुलगी रडायलाच लागली. मावशींनी तिला पदराखाली धरल्यासारखं जवळ घेतलं आणि बाहेर नेलं. "चल गं, मार्क मिळाल्यावर रडतं का कुणी?"

पाहुणे मास्तरांसमोर आले. "चुकलो, मास्तर."

"अहो, चुकलात कसले? खिशाचं माझ्याही डोक्यात आलं नाही. चिठ्ठी काळजावर राहावी म्हणून शिवला होता."

मॅडमनी सही केली, पण पेनाला टोपण लावायचं राहून गेलं. त्या मास्तरांकडे बघत होत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा छातीकडे नाही, चेहऱ्याकडे.

"तो काजं-बटणं करणारा मुलगा... तुम्ही?"

मास्तर शर्ट चढवत होते. एकेक बटण त्यांनी नीट काजात सरकवलं. ती काजं हाताने केलेली होती, अजूनही.

"बावीस वर्षं तुम्ही इथे येताय," मॅडम म्हणाल्या. "दर वेळी मी तुम्हाला 'कूस बदला, श्वास धरा' सांगतेय. एकदाही बोलला का नाहीत?"

मास्तरांनी हात पुढे केला. मॅडमनी चिठ्ठी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खिशात घातली, वरून तळहाताने दाबली आणि केसने बोलायचं नसतं तसे काही न बोलता पडदा सारून बाहेर पडले. वॉर्डाबाहेर लिफ्ट होती, पण जिन्यावरून पावलं वाजली. एका वेळी दोन-दोन पायऱ्या.