सात नंबरचा फॉर्म

आमच्या संस्थेत पूर्णवेळ काम करणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि सर. सर अमरावतीच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. लोकांची नावं मतदार यादीत आहेत का ते बघायचं, नसली तर फॉर्म भरून द्यायचे आणि मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना ऑटोनं केंद्रापर्यंत न्यायचं, एवढंच आमचं काम. मत कुणाला देणार हे विचारायचं नाही आणि कुणी आपणहून सांगायला लागलं तर विषय बदलायचा, हा सरांचा नियम. निवडणुका जवळ आल्या की ते मला रोज सकाळी ओढणीचा रंगसुद्धा विचारत.

बडनेऱ्याच्या पलीकडे, अकोल्याच्या रस्त्याला लागून, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्यांची एक वस्ती आहे. तिथल्या बऱ्याच जणांची नावं यादीत नव्हती. अंगणवाडीसमोर आम्ही पहिली बैठक घेतली, तेव्हा फुलं विकणाऱ्या एका मावशींनी आमच्या फलकाला झेंडूची माळ घातली. सरांनी ती हळूच काढून घेतली.

"मावशी, हा रंग नको. लोक उगीच अर्थ काढतील."

मावशी हसत सुटल्या. "काहून जी, फुलालेबी पार्टी असते काय?"

पुढच्या बैठकीला त्यांनी पांढऱ्या शेवंतीची माळ आणली. त्या दिवसापासून वस्ती आमची झाली. मावशी स्वतः मला घरोघर घेऊन फिरल्या. कोण कुठे राहतं, कोणाचं लग्न झालं, कोण चालू शकत नाही, सगळं त्यांना ठाऊक. त्या सांगत आणि मी वहीत उतरवत असे: नाव, मतदार कार्डाचा नंबर, घर.

तिसऱ्या आठवड्यात एक माणूस आमच्या ऑफिसात आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. आपण कोण, हे त्यानं सांगितलं नाही.

"चांगलं काम करून राहिले तुमी," तो म्हणाला. "फक्त ती वही एक दिवस द्या. फोटो काढून लगेच परत करतो."

"वही लोकांची आहे," सर म्हणाले. "ती आम्ही कुणालाच देत नाही."

"कोणत्याच पार्टीले?"

"कोणत्याच."

त्यानं पाणी मागितलं, सावकाश प्यायला आणि उठता उठता म्हणाला, "सर, तुमी नाई दिली म्हणून वही भेटनार नाई, असं थोडंच हाय."

त्यानंतर वस्तीत गेले की अंगणवाडीजवळच्या लिंबाखाली त्याची मोटरसायकल उभी दिसे. तो कुणाशी बोलत नसे, मान डोलावून मला नमस्कार करे. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "रस्ता सगळ्यांचा आहे." पण दुसऱ्या दिवसापासून वही ते स्वतःच्या कपाटात ठेवू लागले, किल्ली खिशात.

दिवाळीनंतर एका दुपारी अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. त्या भागातल्या मतदार यादीचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचा आवाज दबलेला होता. "मॅडम, लवकर या. लोकं चिडले हायेत."

वस्तीतल्या चाळीसेक जणांच्या नावांवर हरकत आली होती. यादीतून नाव काढून टाका म्हणून जो सात नंबरचा फॉर्म असतो, तो प्रत्येकाच्या नावानं भरलेला. कारण सगळीकडे एकच, कायमचे स्थलांतर. जे रोज पहाटे त्याच मातीत पालक-मेथी खुडत होते, ते गाव सोडून गेलेत असं लिहिलेलं. आणि हरकत घेणारी म्हणून प्रत्येक फॉर्मवर फुलवाल्या मावशींचं नाव होतं.

मी पोचले तेव्हा मावशी ओट्यावर एकट्या बसल्या होत्या. समोरच्या घराचं दार माझ्या देखत बंद झालं.

"कोनी बोलून नाई राह्यलं माह्यासंगं," त्या म्हणाल्या. "जाऊ म्हनते, तूच त्या बाईसंगं घरोघर फिरली, तूच आमचे नंबर काढले. मी काहून काढीन वं कोनाचं नाव?"

अंगणवाडीच्या ताईंनी फॉर्मच्या प्रती दाखवल्या. प्रत्येकावर खाली वळणदार, एकसारखी सही. मावशींना सही येत नाही. त्या अंगठा देतात.

मला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं आहे हे सिद्ध करायला तेवढं पुरेसं होतं. मग मी नाव नीट वाचलं. मावशींच्या कार्डावर त्यांचं लग्नानंतरचं नाव आहे. वस्तीत त्यांना माहेरच्या नावानं हाक मारतात. घाईत मी वहीत ते हाकेचंच नाव लिहिलं होतं. सरकारी यादीत ते कुठेच नव्हतं. फॉर्मवर तेच नाव होतं.

वही कपाटात होती. पण मतदानाच्या दिवशीचे ऑटो ठरवायचे म्हणून मी तिच्या पानांचे फोटो काढून स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले होते. ग्रुपमध्ये कोण कोणाला जोडत गेलं, मी कधी बघितलंच नव्हतं.

संध्याकाळी सरांना सांगितलं. रागावतील म्हणून मी वाट बघत होते.

"मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "त्यांना सांग."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीसमोर मी उभी राहिले आणि सांगितलं की नंबर माझ्या फोनमधून बाहेर गेले, मावशींचा ह्यात काही दोष नाही. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मावशींच्या जाऊबाई तेवढ्या उठल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मागे लिंबाखाली तो माणूस मोबाईल उभा धरून होता. माझा व्हिडिओ काढत असावा.

सुनावणीला वस्ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली. वीजबिल, रेशनकार्ड, जे मिळेल ते घेऊन. मावशींनी अधिकाऱ्यासमोर शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवला आणि म्हणाल्या, "हे माही सही. ते दुसरी कोनाची हाय, ते तुमी शोधा." हरकती फेटाळल्या गेल्या. पोलिसांनी आमचा अर्ज घेतला, पोच दिली. सही कुणाची, ते आजवर कळलेलं नाही.

एका घराला मात्र कुणी सुनावणीचं कळवू शकलं नाही. ते जोडपं चार महिन्यांसाठी पुण्याकडे बांधकामावर गेलं होतं, दाराला कुलूप होतं, फोन लागत नव्हता. त्यांच्यापुरतं 'स्थलांतर' खरं धरलं गेलं आणि दोघांची नावं यादीतून गेली.

मतदानाच्या दिवशी ते दोघं खास गावी आले. नवे कपडे घालून रांगेत उभे राहिले. आतून लगेच परत आले. बायको मला म्हणाली, "आमी जितेच हावो ना वं ताई?" केंद्रापासून लांब, रस्त्याच्या पलीकडे, तो माणूस लोकांना हात जोडत होता. त्यानं मलाही जोडले.

आता आम्ही वही ठेवत नाही. नावं लिहूनच घेत नाही. लोकांना स्वतःचं नाव यादीत कसं बघायचं ते शिकवतो आणि निघून येतो. काम हळू होतं.

त्या जोडप्याचे नव्या नोंदणीचे फॉर्म घेऊन मी मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेले होते. नवऱ्यानं दोन्ही फॉर्म स्वतः भरले, अडलं तिथे मला विचारलं. मी ते जमा करायला म्हणून हात पुढे केला.

"राहू द्या ताई," तो म्हणाला. "मीच नेऊन देतो."

त्यानं कागदांची घडी शर्टाच्या आतल्या खिशात घातली आणि बायकोनं माझ्यासाठी चहा ठेवला.