दगडावरचे तिसरे नाव

हवालदाराला पाठीमागून हाक मारली तर तो कधीही वळत नसे. हाक मारणाऱ्याने वळसा घालून समोर यावे, आपला चेहरा दाखवावा, मगच त्याच्या तोंडून "बोला, भाऊ" एवढे शब्द बाहेर पडत. आलापल्लीच्या बाजारात प्रथम मला त्याचा रागच आला होता. मी अर्जनवीस. चिंचेखाली माझी चटई पडली की चार गावचे लोक हात जोडून बसत, आणि हा लंगडत चालणारा गडी माझ्या हाकांना पाठ दाखवून उभा. पुढे कारण कळले, आणि तेव्हापासून मीही कोणाला पाठीमागून हाक मारणे सोडून दिले.

वास्तविक तो हवालदार कधीच नव्हता. पलटणीत साधा शिपाई होता. महायुद्धाच्या काळी त्याच्या गावचे तीन तरुण भरती होऊन ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले. तिघांपैकी एकही परतला नाही. बरीच वर्षे वाट पाहून गावाने वेशीबाहेर, सागाच्या झाडाखाली, त्यांच्या नावाने दगड उभा केला. त्या बाजूस मृतासाठी असा उंच दगड रोवण्याची रीतच आहे. भटकणारा जीव त्यात येऊन राहतो, अशी श्रद्धा. हे लढाईत पडलेले म्हणून पाथरवट आणवून तिघांची नावेही कोरून घेतली. कोंबडे कापले, दगडाला रक्त लावले. आणि पुढल्याच उन्हाळ्यात तिसऱ्या नावाचा धनी पायवाटेने चालत गावात आला. जखमी होऊन तो कैदेत पडला होता, आणि सुटल्यावर आसामच्या चहामळ्यांत मजुरी करीत राहिला होता.

बायका घागरी टाकून पळाल्या. म्हाताऱ्या आईने तेवढे त्याला कवटाळले. बायको वाट पाहतापाहताच गेली होती, आणि ज्या तान्ह्या मुलीला सोडून तो गेला, ती मैनी आता लग्नाला आली होती. गावाचा गायता, म्हणजे देवाचा पुजारी, म्हणाला की रक्त लावलेला दगड उपटता येत नाही. उपटणाऱ्याचा जीव तो मागून घेतो. तेव्हा ज्याचा जीव दगडात बसवला, तो हा चालताबोलता कोण? त्याला कोणी चुलीतला विस्तव देईना, कोणी त्याच्या हातचा तंबाखू घेईना. तो मात्र थट्टेवारी नेई. "बरं हाय, भाऊ," तो म्हणे, "मेलेल्या मानसाले बेगार नाई लागत."

ही थट्टा मैनीच्या सोयरिकीपाशी येऊन अडखळली. भामरागडकडील एका चांगल्या घराने तिला पसंत केले होते, परंतु मुलाच्या बापाने निरोप धाडला, "पोरगी चांगली हाय. पन भुताच्या घरची सून कशी आनू?" तेव्हा हवालदार माझ्याकडे आला. मी उत्तम अक्षरात अर्ज लिहिला की सदर इसम हयात असून हिंडताफिरता आहे. कचेरीतल्या साहेबांनी त्याला समक्ष पाहून त्यावर शिक्का मारून दिला. तो कागद गायत्याने उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. "कागद बराबर हाय," तो म्हणाला. "पन दगडाले वाचता येते का?" पाथरवटाला नाव खोडून काढण्यास सांगितले, तर त्याने छिन्नीलाही हात लावला नाही. "जित्याचं नाव कोरलं, तेच लई झालं. आता मले मधात पाडू नका."

अखेर तोड गायत्यानेच काढली. जुने नाव दगडाला राहू द्यावे, आणि माणसाला नवे नाव द्यावे. त्याचे डोके भादरले, त्याला नदीत न्हाऊ घातले, तान्ह्या मुलासारखे जमिनीवर निजवले आणि सर्वांदेखत त्याच्या कानात नवे नाव सांगितले: हवालदार. "सरकारनं शिपाईच ठेवलं," तो पुढे सांगत असे, "बढती गायत्यानं देल्ली." अट मात्र एक होती. जुन्या नावाने कोणी हाक मारली तर त्याने ओ द्यायची नाही. ओ दिली की दगडाची हाक घेतली; मग तो गेला आणि त्याचे घरही गेले. व्याह्यानेही याच अटीवर होकार कळवला.

मी एकदा त्याला विचारले, "तुम्ही तोफा ऐकलेले गृहस्थ. असल्या गोष्टींना भिता?"

त्याने चिलीम खाली ठेवली. "मुनशीजी, तिथी बांबूच्या रानात मी दडून होतो. आमचे ते दोघं गोळी लागून पडले होते, मले नावानं हाका मारून राह्यले होते. दुश्मन जवळच फिरत होता. मी ओ नाई देल्ली, म्हनून तवा वाचलो. ते दोघंच त त्या दगडात हायेत. मांगून हाक आली की मले वाटते, तेच हायेत."

ते ऐकल्यावर त्या दगडावरून एकटे जाताना माझे पाय आपोआप भरभर पडू लागले.

सोयरीक पक्की करण्याच्या दिवशी मलाही मानाने बोलावले होते. दुपारची वेळ. अंगणात व्याही, गायता आणि आम्ही काही मंडळी बसलो होतो. पानांच्या द्रोणांत मोहाची दारू वाढली जात होती. हवालदार दाराकडे पाठ करून बसला होता. आत त्याची आई तापाने फणफणली होती. अकस्मात तिने हाक मारली. नवे नाव तापात विसरली होती. तिने स्वतः ठेवलेल्या नावाने हाक मारली.

द्रोण जागच्या जागी थांबले. आत मैनी कळवळून म्हणाली, "आजी, ते नाव नोको घेऊ वो." म्हातारीने पुन्हा हाक मारली. हवालदाराची मान ताठ झाली, कपाळावर घाम आला. गायता जमिनीकडे पाहू लागला. तिसऱ्या वेळी आवाज अगदी बारीक झाला होता. रानात चुकलेल्या लेकराला शोधावे, तसा.

हवालदार वळला. पाठीमागच्या हाकेला वळताना मी त्याला तेवढे एकदाच पाहिले.

"ओ, माय," तो म्हणाला. "इथीच हावो." आणि उठून आत गेला.

 व्याह्याने आपल्या द्रोणात पाहिले. मग त्याने कानात बोट घालून हलवले. "मले जरा कमी आयकू येते," तो गायत्याला म्हणाला. "कोनी काई बोललं का?"

"कोंबडा ओरडला," गायता म्हणाला.

"मंग भरा द्रोण. लगीन कवा करता, ते सांगा."

दिवस मावळण्यापूर्वी म्हातारी गेली. लेकाचा हात तिच्या हातात होता. मैनीचे लग्न झाले. त्या साऱ्या पावसाळ्यात गाव कानोसा घेत होते, आणि मीही. काही घडले नाही. पुढे दोनतीन पावसाळे गेल्यावर हवालदार हिवतापाने गेला. त्याच्यासाठी निराळा दगड कोणी रोवला नाही, एक होताच. नदी उतरली की मैनी भामरागडहून येते आणि तिसऱ्या नावाला हळद लावून जाते.

ते नाव मला तोंडपाठ आहे. तरीही वरील मजकुरात मी ते कोठेही लिहिलेले नाही. मी शिकलेला मनुष्य आहे, असल्या गोष्टी मानीत नाही. परंतु नाव लिहिले, आणि माझ्या पाठीमागून कोणी ओ दिली, तर वळून पाहण्याचे धैर्य मजजवळ नाही.