पितळी पाटी आणि एक फावडं

वाफेच्या इंजिनाची शिट्टी कानावर पडली, की मला सगळ्यांत आधी एक फावडं आठवतं. इंग्लंडच्या पोलीस खात्यात माझी सगळी नोकरी झाली. चोऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण निर्दोष असूनही तोंड उघडायला तयार नसलेला संशयित तेवढा एकच भेटला.

दोन हजारच्या दशकातली गोष्ट. मेडनहेडजवळच्या एका ठाण्यात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. आमच्या हद्दीत एक जुनी इंजिन शेड होती. लंडनहून पश्चिमेकडे जाणारी रेल्वे ज्या कंपनीने बांधली, तिची उरलेली इंजिनं काही हौशी मंडळी तिथे जिवापाड जपत. कंपनी सरकारजमा होऊन अर्धं शतक उलटलं होतं, पण ही मंडळी तिच्याबद्दल ‘होती’ असं म्हणत नसत, ‘आहे’ म्हणत. खरं सांगायचं तर मलाही त्या कंपनीचं भारी कौतुक आहे. मेडनहेडला तिने नदीवर विटांचा पूल बांधला, तेव्हा इतक्या पसरट कमानी टिकायच्या नाहीत, असं जाणकार म्हणत होते. आजच्या भरधाव गाड्या त्याच कमानींवरून जातात. इंजिनं हिरवीगार, धुराड्याला तांब्याची कड आणि बाजूला पितळी अक्षरांची नावाची पाटी. ओझी ओढणाऱ्या यंत्राला इतकं नटवावंसं वाटणारी माणसं मला मनापासून आवडतात.

अशीच एक पाटी शेडमधून नाहीशी झाली. बाजारात तिला दर्दी गिऱ्हाईक मिळतंच. दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला : शनिवारी संध्याकाळी शेडमधला इंडियन पोरगा चौकड्यांच्या कापडात गुंडाळलेली जड वस्तू पाठपिशवीत घालून घेऊन गेला.

तो पोरगा नागपूरचा. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, वर्क परमिटवर आलेला, घरी बायको. शनिवार-रविवारी शेडमध्ये इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायला शिकत होता. चोरीचा शिक्का बसला असता, तर नोकरी आणि परमिट दोन्ही जाऊन त्याला गाशा गुंडाळावा लागला असता. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

आधी मी शेडवर जाऊन आलो. तिथला म्होरक्या सत्तरी ओलांडलेला ड्रायव्हर होता, त्या कंपनीतच कामाला लागलेला. त्याने मला इंजिनावर चढवलं, कोळशाचं फावडं स्वच्छ धुतलं, भट्टीत धरलं आणि त्यावर बेकन आणि अंडी तळून माझ्यापुढे केली. कंपनीच्या दिवसांपासूनची ही रीत. फावड्यावरचा नाश्ता सगळ्यांनी मिळून खायचा. हा पोरगा चोर असेल असं वाटतं का, असं मी विचारलं. त्याने बराच वेळ फावडं पुसलं आणि वाटत नाही म्हणाला.

ठाण्यात पोराची चौकशी सुरू झाली. टेपरेकॉर्डरमध्ये दोन कॅसेट घातल्या, कायद्याची सूचना वाचून दाखवली, शेजारी वकील. पिशवीत काय होतं, या एका प्रश्नावर त्याच्या ओठांना कुलूप. पाटी नव्हती, एवढंच म्हणे. वकीलही कंटाळला. मी टेप थांबवून चहा मागवला. ताटलीत सँडविच आली, काही हॅमची, काही अंड्याची, एकमेकांना चिकटलेली. पोराने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याने अंड्याच्या सँडविचकडे पाहिलं, शेजारच्या हॅमकडे पाहिलं आणि भूक नाही म्हणाला. मांसाला चिकटलेलं काही पुढे आलं, की माझी आई हयातभर नेमकं हेच करत आली होती. माझ्या इंग्रज सहकाऱ्याला ते दिसलं नाही, दिसायचं कारणही नव्हतं.

पुन्हा टेप सुरू करून मी विचारलं, इंजिनावर तू नाश्ता कशावर करतोस?

त्याचा चेहरा पडला. मग सगळं बाहेर आलं. भट्टी पेटवायला तो सर्वांत आधी यायचा. जुन्या बाजारातून घेतलेलं, दांडा कापलेलं स्वतःचं फावडं पिशवीत घालून आणायचा, इतर येण्याआधी त्यावर थालीपीठ लावून खायचा, मग सगळ्यांना सांगायचा, माझं झालंय. संध्याकाळी फावडं चौकड्यांच्या पंच्यात गुंडाळून घरी. माझ्या आडनावावरून मी मराठी आहे हे त्याने ओळखलं होतं; तो इंग्रजी सोडून एकदम मराठीत बोलला, “सर, हे त्यांना सांगू नका, प्लीज. त्यांच्या फावड्याची मला घाण वाटते, असं वाटेल त्यांना. इतकं प्रेमाने शिकवतात हो ते मला.”

नोकरी पणाला लावून हा माणूस त्यांची मनं जपत होता.

त्याच्या घरी बायकोने फावडं पुढ्यात ठेवलं. ओव्याचा वास येत होता. “अहो, हे किचनमध्ये नक्की कुठे ठेवायचं, ते तुम्हीच सांगा यांना,” ती म्हणाली.

आता फोन उरला. पंचा पिशवीत जायचा तो शेडच्या आतच, कोळशाच्या डब्यामागे, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. म्हणजे चौकडी पाहणारा त्या वेळी आत होता. पोराच्या म्हणण्याप्रमाणे त्या शनिवारी मागे एकच जण थांबला होता, पितळ घासणारा सभासद. त्याच्या गॅरेजमध्ये ब्लँकेटखाली पाटी सापडली, लखलखीत घासलेली. चोरी आणि फोन, दोन्हीची त्याने लगेच कबुली दिली.

तरी पिशवीत काय होतं, हा प्रश्न शेडमध्ये उरलाच होता; पोराचं नाव निर्विवाद साफ व्हायचं, तर शेडला फावड्याचं सांगणं भाग होतं. मी एकट्या ड्रायव्हरला सांगितलं.

पाटी परत बसवली, त्या दिवशी मला बोलावणं आलं. भट्टी रसरसली होती. पोरगा सवयीने म्हणाला, माझं झालंय. ड्रायव्हरने गरम पाण्याच्या नळीने कंपनीचं फावडं धुतलं, पुन्हा धुतलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“आधी तुझं होईल,” तो म्हणाला, “मग आमचं बेकन. इतकी वर्षं इंजिन चालवलं, पण एवढं साधं विचारायचं सुचलं नाही मला.”

गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मला खात्याने शिकवलं होतं. कुणासाठी लपवतो, हेही विचारायचं असतं, ते त्या शेडने शिकवलं. त्या दिवशी थालीपीठ थोडं करपलं होतं. सगळ्यांनी मिळून खाल्लं.