पाव्हण्यांचा संडास

हिंगणघाटात जिनिंग मिलच्या मागच्या वस्तीत सुलोचनाबाईचं घर विचारलं, तर लोक हात करून सांगतात, "तो निळ्या टाइलचा संडास दिसते न, तेच." आपल्या घराचा पत्ता संडासावरून सांगितला जातो, याचं सुलोचनाबाईला कधी वाईट वाटलं नाही. उलट असं कोणी विचारत असलं, की ती दारात येऊन उभी राहायची.

बाई मूळची वडनेरची. लग्न होऊन इथं आली तेव्हा घराला कुडाच्या भिंती होत्या आणि पाणी हापशीवरून आणावं लागे. नवरा, बंडूजी, कापसाच्या गोदामावर चौकीदार. ती स्वतः दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कापूस सारायला जाते आणि संध्याकाळी केसांत रुई घेऊन परतते. मुलगा अंकित सूतगिरणीत मशीनवर आहे. तिघांच्या कमाईतून घरात एकेक वस्तू आली. विटांच्या भिंती आल्या, गॅस आला, कूलर आला, दारात एक दिवसाआड का होईना पण नळ आला, आणि मागच्या उन्हाळ्यात फ्रीजही आला. भोवतालचं शहरही थांबलं नव्हतं. नवे कारखाने उठले, शेतांचे लेआउट पडले. वाढली नाही ती एक गल्ली. समोरासमोर दोन सायकली आल्या, तर अजूनही एकाला उतरावं लागतं.

संडासासाठी सरकारी अनुदान मिळालं तेव्हा वस्तीत बाकीच्यांनी जेमतेम चार भिंती उभ्या केल्या. सुलोचनाबाईनं पदरची भर घालून निळ्या टाइल लावल्या, स्टीलची तोटी बसवली, बल्ब लावला आणि भिंतीवर आरसाही ठोकला.

"संडासात आरसा काऊन वं?" बंडूजींनी विचारलं.

"पाव्हणे येतीन, केस नाई का पाहणार?"

हे सगळं झाल्यावर तिनं दाराला कुलूप घातलं.

याला कारण होतं. गवंडी जाता जाता बोलून गेला होता, की जागा कमी असल्यानं टाकी लहान झाली आहे, जपून वापरा. टाकी उपसायची गाडी तर या गल्लीत शिरणंच शक्य नव्हतं. टाकी भरली की सगळंच मुसळ केरात, असं सुलोचनाबाईच्या डोक्यात पक्कं बसलं. म्हणून संडास पाव्हण्यांसाठी आणि आजाऱ्यासाठी. बंडूजींना टायफॉइड झाला तेवढे दिवस कुलूप निघालं. ते बरे होताच तिनं फिनाईलनं धुऊन पुन्हा लावलं.

मग घरातली माणसं कुठं जायची? बंडूजी गोदामावर, अंकित गिरणीत, आणि सुलोचनाबाई शेजारच्या गुलाबबाईबरोबर अंधारात उठून नाल्याकाठी. लेआउट पडल्यापासून तिकडून गाड्या जात. दिव्यांचा उजेड अंगावर आला की सगळ्या बाया एकदम उठून उभ्या राहत, गाडी गेली की परत बसत. एकदा उजाडलं की रात्र होईपर्यंत सोय नाही, म्हणून जिनिंगमध्ये दुपार टळेपर्यंत ती पाण्याचा घोट घेत नसे. याला ती त्रास म्हणतच नव्हती. गुलाबबाईशी दोन गोष्टी बोलायला मिळत त्या तिथंच.

मध्यंतरी सर्वेवाली पोरगी आली. नळ आहे का? आहे. गॅस? आहे. संडास? सुलोचनाबाईनं कुलूप काढून, बल्ब लावून दाखवला. पोरगी खूश होऊन गेली. संडास आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं. त्यात कोण जातं, हे कोणी विचारलं नाही.

ते विचारलं रीताआत्यानं.

अंकितसाठी सिंदी रेल्वे या गावची दीपमाला पाहिली होती. पोरगी शिकलेली, मेडिकल स्टोअरमध्ये कामाला, आणि दोघं एकमेकांना पसंत. तिला आई नव्हती. या रीताआत्यानंच ब्लाउज शिवून तिला वाढवलं, त्यामुळे शब्द आत्याचाच चालणार होता. आता आत्या घर पाहायला येणार होती. हल्ली पोरीवाले अगोदर मुलाचं घर पाहतात आणि मग बोलतात. त्यात चूक काही नाही, जन्म पोरीला काढायचा असतो. अंकित मात्र आदल्या दिवसापासून नीट जेवला नव्हता. दोन स्थळं अशीच घर पाहून हातची गेली होती, आणि हे तिसरं गेलं तर त्याच्या जिवाला लागणार, हे सुलोचनाबाईला दिसत होतं.

आत्या आली. जय भीम झालं, पाणी झालं. आत्यानं नळ पाहिला, फ्रीज पाहिला, आणि संडास कुठं आहे म्हणून विचारलं. सुलोचनाबाईनं किल्ली अशी पुढं केली, जशी काही तिजोरीची असावी.

आत्या आत गेली, बाहेर आली, हात धुऊन पोह्यांना बसली. अर्धी प्लेट संपल्यावर म्हणाली, "ताई, साबण कागदातच आहे."

"नवा आहे," सुलोचनाबाई कौतुकानं म्हणाली.

"ब्रशावर दुकानातली प्लास्टिकची पन्नी आहे."

"हो न. तसाच जपून ठेवला."

"मंग तुम्ही कुठं जाता?"

बंडूजी खाकरले. अंकित प्लेटीत पाहू लागला. शेवटी सुलोचनाबाईच म्हणाली, "आमचं काय, आमचं चालते. दीपमालासाठीच तं ठेवला एवढा नवा. तिले मी बाहेर नाई जाऊ देणार."

आत्यानं प्लेट खाली ठेवली. "ज्या घरची सासू डब्बा घेऊन बाहेर जाते, त्या घरची सून किती दिवस आत जाईन ताई? तुम्ही नाई म्हणणार तिले. तिलेच लाज वाटन. सासू चालली अंधारात आन् मी आत. एक दिवस पोरगीच म्हणन, चाला आई, मी बी येतो."

सुलोचनाबाईला संताप आला. हाडाची काडं करून बांधलेल्या संडासाला ही बाई नावं ठेवते! पण आत्या म्हणत होती तेच तिच्याही मनात कधीतरी येऊन गेलं होतं. सून रुळली की तिलाही टाकीचं समजेलच, असं ती स्वतःशी म्हणाली होती. आता ते परक्या बाईच्या तोंडून ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टाकी लहान आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "गाडी येत नाई गल्लीत."

"गाडी सडकेवरच राह्यते, पाइप येते आत," अंकित एकदम बोलला. "चंद्रभानच्या घरी आणला होता. तुले किती खेपा सांगतलं आई, तू ऐकतच नाई."

"फोन करतो," एवढंच म्हणून आत्या दुपारच्या गाडीनं गेली.

त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली गेली. संध्याकाळी बंडूजींनी भीत भीत विचारलं, "आता?"

"आता काय! उद्यापासून सगळे घरीच जा. भरली तं भरली टाकी."

पहाटे गुलाबबाईनं दारातून नेहमीसारखी हाक दिली. सुलोचनाबाई म्हणाली, "मी नाई येत वं. घरीच जातो आता."

"मोठी झाली वं तू," म्हणत गुलाबबाई एकटीच निघून गेली. सुलोचनाबाईला ते लागलं. गल्लीच्या टोकापर्यंत ती तिच्याकडे पाहत राहिली, आणि मग संडासात जाऊन तिनं कडी लावली.

पण अंगाला ते कळायला तयार नव्हतं. सडकेवर ट्रक वाजला तशी ती दचकून अर्धी उठली आणि स्वतःलाच हसून पुन्हा बसली. अजून उजाडलं नव्हतं. तेवढ्यात घरात फोन वाजला आणि बंडूजींनी तो उचलला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर आणि आवाज गल्लीभर.

"जय भीम, जय भीम. कोण, रीताबाई? अंकितची आई? नाई, आता नाई येऊ शकत. आत आहे... आत म्हणजे आत! संडासात!"

पलीकडून आत्या मोठ्यानं म्हणाली, "या वक्ताले बाया बाहेर असते, म्हणून आताच केला फोन. तारीख पाहा बंडूजी."

"काय म्हणता?"

"लग्नाची तारीख पाहा म्हणतो!"

बंडूजी धावत येऊन दार वाजवू लागले. "अवं, ऐकलं का? जमलं आपल्या अंकितचं! ये लवकर बाहेर!"

तिनं सगळं ऐकलं होतं. तिला आनंद झाला, आणि मागोमाग हुंदका आला, तो काही केल्या आवरेना. एवढ्या वर्षांत या कामासाठी बसली असताना तिच्यात आणि जगात कधी एक दार नव्हतं.

"काऊन वं, बरं नाई का?" बंडूजींचा आवाज घाबरा झाला.

"बरं आहे," ती आतून म्हणाली. "घाई नका करू. बसू द्या मले जरा."