टाका नसलेलं ऑपरेशन

आमच्या टेलरचाचांइतका संशयी माणूस अख्ख्या कोरेगावात शोधून सापडायचा नाही. त्यांचा विश्वास फक्त शिलाईवर. लग्नात नवरदेवाला मिठी मारली की त्यांचा हात आधी शेरवानीची आतली शिवण चाचपायचा. मयतीलाही ते मनापासून खांदा द्यायचे आणि परतताना माझ्या कानाशी लागायचे, "पुढच्याच्या कॉलरीचा टाका लय कच्चा हाय." चाळीस वर्षं त्यांनी पायमशीन चालवलं.

साखरेच्या दुखण्यानं त्यांच्या उजव्या पायाचं बोट काळं पडलं, तेव्हा मीच त्यांना सांगलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, पायाची रक्तवाहिनी बुजलीय. जांघेतून बारीक तार घालायची, फुग्यानं वाट मोकळी करायची आणि आत जाळीची नळी बसवायची. चाचांचं तोंड उतरलं. "कापायचं न्हाई, शिवायचं न्हाई, मग आवं, ऑपरेशन कसलं?" एवढं बोलून त्यांनी बाईंच्या ॲप्रनची उसवलेली बाही दाखवली आणि सुईदोरा मागितला. दुसऱ्या दिवशी पायात ऊब आली. निघताना बाईंनी बजावलं, "चाचा, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. जाळीत रक्त गोठलं तर पाय जाईल."

गावात चाचा लुंगी सावरत ज्याला त्याला सांगत सुटले, "डास चावल्याएवढं भोक, गड्या!" तीन आठवड्यांत तेही दिसेनासं झालं आणि चाचांच्या लेखी विषय संपला. एकदा दुकानात गेलो तर गोळ्यांची पिशवी खिळ्याला तशीच टांगलेली. "जखमच न्हाई, तर औषध कशाला?" मी हसलो, चहा प्यायलो आणि घरी आलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पंधरवड्यात पाय गार पडला. थंडीनं असेल म्हणून चाचांनी तो दोन दिवस गोधडीत गुंडाळून ठेवला. बाईंनी पुन्हा तार घालून पाहिली, पण फार उशीर झाला होता. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

परवा चाचांनी मला दुकानात बोलावलं. मशीनवर त्यांचाच पायजमा होता, उजवीकडून अर्धा कापलेला. त्याचं तोंड शिवून बंद करायचं होतं, पण एकट्या डाव्या पायाला अजून जोर नव्हता. मी शेजारी स्टूल ओढून बसलो, पायडलवर पाय ठेवला आणि कधीचं मनात होतं ते बोलून टाकलं, "चाचा, मी तवाच बोलाया पायजे हुतं."

त्यांनी कापड सुईखाली सरकवलं. "व्हय, पायजे हुतं," ते म्हणाले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता हळू मार. कापड पातळ हाय."