काय जळतंय?

ऑफिसात कामापेक्षा किस्से जास्त साठतात. काम निवृत्तीच्या दिवशी टेबलावर ठेवून यावं लागतं, किस्से घरी नेता येतात. फक्त ते ऐकायला घरी कोणीतरी लागतं. ही अट कोणी आधी सांगत नाही.

ऐंशीच्या दशकात अंधेरीला आमची रंगाची कंपनी होती. इन्शुरन्सवाल्याने डोळे वटारले, म्हणून मॅनेजरसाहेबांनी आग विझवायची लाल नळकांडी आणून भिंतीला टांगली. 'एक्स्टिंग्विशर' हा शब्द कोणाला धड म्हणता येईना, म्हणून नळकांडी! त्यांच्या ट्रेनिंगला कोण जाणार हे ठरवायची मीटिंग झाली, तेव्हा डिस्पॅचचा घाडी बाथरूममध्ये होता. एकमताने निवडून आला.

परतला तो गुरुमंत्र घेऊनच. "आधी विचारायचं, काय जळतंय? मगच हात लावायचा. कागद, लाकूड, कापड असेल तर पाण्याचं नळकांडं. तेल, थिनर असेल तर फेसाचं. वायरिंग असेल तर गॅसचं."

"आणि चुकीचं उचललं तर?" मी विचारलं.

"तर पुढच्याने विचारायचं, कोण जळतंय?"

*

हा मंत्र ऑफिसात नको तितका रुजला. अकाउंट्सच्या मुळ्येचं प्रमोशन हुकलं. ते त्याच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाला मिळालं. मुळ्ये दिवसभर फायलीत डोकं घालून बसला. घाडी त्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"मुळ्ये, काय जळतंय?"

सगळ्या सेक्शनच्या माना तिकडे वळल्या. मुळ्येने मान वर केली.

"वायरिंग! पाणी टाकू नकोस, मरशील!"

हसता हसता मुळ्येनेच सगळ्यांना चहा पाजला. तेव्हापासून कोणाचा चेहरा उतरला की कोणीतरी विचारायचंच, "काय रे, काय जळतंय?" आणि उतरलेल्या चेहऱ्याला उत्तर द्यावंच लागायचं. सासू, घरमालक, ॲसिडिटी, काहीही चालायचं.

*

एकदा साहेबांनी फायर ड्रिल ठेवलं. "आग! आग!" ते दारातून ओरडले. सगळे जिन्याकडे पळाले, घाडी जागचा हलला नाही.

"साहेब, काय जळतंय?"

"काही नाही हो, ड्रिल आहे! धावा!"

"मग उचलू काय? ड्रिलवर काय मारायचं ते शिकवलंच नाही!"

साहेबांनी इंग्रजीत पुष्कळ शिकवलं.

*

खरी आग एकदाच लागली. गोदामाबाहेर थिनरने भिजलेलं एक फडकं पेटलं. घाडी पाण्याचं नळकांडं घेऊन धावला. मुळ्येने त्याला अडवलं.

"अरे, फेसाचं आण! थिनर आहे."

"फडकं म्हणजे कापड ना? कापडाला पाणी!"

"पण जळतंय काय? फडकं की थिनर?"

प्रश्न बिनतोड होता. दोघेही हिरिरीने बोलत राहिले. तेवढ्यात फडकंच संपलं.

घाडीने साहेबांना कळवलं, "चर्चेअंती आग विझली!"

*

मग घाडीची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. कार्य उरकून तो कामावर आला, तेव्हा आम्ही सगळे फार शहाण्यासारखे वागलो. कोणी त्याच्या खांद्यावर थोपटलं, कोणी डब्यातलं थालीपीठ दिलं. तो प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. त्याच्यासमोर तर नाहीच, पण हळूहळू आपसातही तो विचारणं थांबलं. घाडी सुटल्यावर घरी जाईना. फडकं घेऊन नळकांडी पुसत बसे, शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत.

निवृत्तीला त्याने भेट म्हणून एक मोडीत काढलेलं नळकांडं मागितलं. साहेब हसले. "घाडी, घरी काय जळणार आहे?"

"ते कोणीतरी विचारल्याशिवाय कसं कळणार, साहेब?"

आम्ही टाळ्या वाजवल्या.

*

पुढे एका रविवारी मी बोरीवलीला त्याच्या घरी गेलो. दार उघडून तो बघतच राहिला. नळकांडं दाराशीच होतं, लखलखीत पुसलेलं. त्याने मला खुर्चीत दाबून बसवलं, चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि बाहेर येऊन बोलायला लागला. मुळ्ये कसा आहे, कॅन्टीनचा चहा सुधारला का, डिस्पॅचला त्याच्या जागी कोण बसतो. उत्तरासाठी थांबतच नव्हता. दूध दोघेही विसरलो.

करपल्याचा वास आला. मी सवयीने बोलून गेलो, "घाडी, काय जळतंय?"

तो स्वयंपाकघराकडे निघाला होता. दारातच थांबला, वळला, स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. एरवी शुद्ध बोलणारा माणूस एकदम मालवणीत शिरला.

"आता इचारतंस, मेल्या?"

गॅस बंद करायला मीच उठलो.