प्रेमानंदांनी बरा केलेला दिवा

मला पाहायला आले त्या दिवशी प्रेमानंदांनी आधी आमच्या घरचं मीटर पाहिलं, मग मला. बाबा 'या, बसा' म्हणताहेत आणि हे दारातच मान वर करून उभे, चकती किती वेगाने फिरते ते बघत. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते बाबांना विचारत होते, "घरात फ्रिज तर दिसून नाही राहिला. मंग चकती एवढी काहून पळून राहिली?" बाबांचा चेहरा खाडकन उतरला. माझी साडी इस्त्री करून घाईत इस्त्री तशीच सुरू राहिली होती, एवढंच. पण त्या घटकेला आमचं सगळं घराणं चोर ठरलं होतं. तरी लग्न कसं जमलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

तेव्हा ते वीज मंडळात लाइनमन होते. पुढे भरारी पथकात गेले आणि माशाला पाणी मिळालं. कुणी तारेवर आकडा टाकलाय, कुणी जंपर मारलाय, म्हणजे वायरचा एक तुकडा जोडून विजेला मीटरच्या बाहेरूनच पळवलंय, हे त्यांना गल्लीच्या तोंडावरून समजायचं. पकडलेला माणूस रडो, पाया पडो, नाहीतर 'साहेब, आधीच्या भाडेकरूनं केलं' म्हणो, यांचा पेन थांबत नसे. सगळे तेच म्हणतात, असं घरी येऊन सांगायचे आणि समाधानाने जेवायचे.

निवृत्त झाले तरी पथक काही सुटलं नाही, ते घरात आलं. सिलिंडर आलं की वजनकाटा बाहेर. संत्री घेतली तर आधी टोपलीच्या तळाची वर काढायची. मला बरं नसलं की डॉक्टरने लिहिलेल्या गोळीचं नाव दुसऱ्या डॉक्टरला विचारून यायचे. मी स्वतः कामठीच्या एका दवाखान्यात सिस्टर आहे, पण माझ्यावर कसला विश्वास! चिडून चिडून मी शेवटी चिडणंच सोडून दिलं. एक मात्र मनाशी धरून होते. हा माणूस घरात वाईट वस्तू येऊ देणार नाही.

मागच्या साली आम्ही एक जुनी गाडी घेतली, विलायती बनावटीची. एका अधिकाऱ्याची बदली झाली म्हणून त्याने विकायला काढली होती. बदली खरी आहे का, याची चौकशी यांनी त्याच्या ऑफिसच्या चपराशाकडे केली. गाडी मी चालवते. इंदोऱ्याहून निघायचं, वाटेत दवाखान्यात माझ्याच वॉर्डात काम करणाऱ्या सोनिकाला घ्यायचं आणि कामठी रोड धरायचा. हे शेजारी बसले की 'समोरचा इंडिकेटर देते पण वळणार नाही' असलं काहीतरी बोलत राहतात, म्हणून मी यांना नेतच नाही.

एका संध्याकाळी परत येताना समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला. गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक रेघा. सोनिकाने मोबाइलवर पाहून सांगितलं, ब्रेकचा आहे. मी घरी येऊन पर्स ठेवायच्या आधी यांना म्हटलं, "ब्रेकचा दिवा लागला जी. सकाळीच नत्थूले दाखवून आणा."

"दिवा लावणं कंपनीच्या हातात हाये," हे म्हणाले. "गाडी जुनी झाली का दिवा लागते. सेटिंग असते थे."

तरी गेले. नत्थू म्हणजे जरीपटक्यातला मेकॅनिक. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि बोलणं रेल्वेच्या वेगाने. त्याच्याबद्दल माझंही मत फार चांगलं नव्हतं. एकदा त्याने वायपर बदलला म्हणून सांगितलं होतं आणि जुनाच पुसून लावला होता. त्याने चाकाच्या फटीतून टॉर्च मारली आणि म्हणाला, "सेन्सर उडला काका. ब्रेकचे पॅड टाका, सेन्सर टाका. लवकर टाकलं तर डिस्क वाचंन, नाही तर थे बी जाईन."

प्रेमानंदांनी त्यातले दोनच शब्द ऐकले. सेन्सर उडला. घरी येऊन मला विजयाने सांगितलं, "पाय, त्यानंच कबूल केलं. सेन्सर खराब हाये, ब्रेक नाही. खराब मीटर जास्त युनिट दाखवते, तसा खराब सेन्सर दिवा दाखवते. अन् त्याच्यासाठी हा पॅड विकून राहिला, डिस्क विकून राहिला. उद्या म्हणंन, काका, छत बी बदला!"

मला पटलं नाही. दवाखान्यात मशीन ओरडलं की आम्ही आधी पेशंटकडे धावतो, मशीन खोटं की खरं ते नंतर बघतो. तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तुमचं मशीन तुमच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी मी गाडी सुरू केली तर दिवा नव्हता.

"पुन्हा नत्थूकडे गेले होते का?" मी खिडकीतून विचारलं.

"काहून जाऊ? झाला बरा आपोआप."

औषध न देता ताप उतरला की नर्सला आनंद होत नाही, संशय येतो. यांच्या नखांत काळं होतं. बाल्कनीतली हत्यारांची पेटी जागेवर नव्हती आणि चिकटपट्टीचं रीळ फ्रिजवर पडलं होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांनी टिपलं, संसारात राहून माझंही थोडं भरारी पथक झालंय. पण जो माणूस सिलिंडर दोनदा तोलतो, तो मला खराब ब्रेकच्या गाडीत बसवेल का? असा विचार केला आणि गिअर टाकला.

त्यानंतर रोज थोडी खरखर ऐकू यायची. काच वर केली की कमी व्हायची. मग एका सकाळी ऑटोमोटिव्ह चौकात पुढचा शेअर ऑटो सवारी पाहून मधेच थांबला. मी ब्रेक दाबला. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला आणि गाडी आरामात पुढे चालत राहिली. मी हँडब्रेक ओढला, गाडी डावीकडे काढली आणि टक्कर थोडक्यात टळली. ऑटोच्या मागच्या सीटवर एक बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. तिचे डोळे मला अगदी जवळून दिसले, इतके जवळून की ते अजून दिसतात.

"ताई, ब्रेक मारला होता ना तुम्ही?" सोनिकाने विचारलं.

गाडी तिथेच कडेला लावली. सोनिका बसने गेली. मी रजा टाकली आणि ऑटोने घरी आले. हे पेपर वाचत होते. मी काही सांगितलं नाही. राग खूप होता, पण ओरडले असते तर खरं कधीच बाहेर आलं नसतं. चोराला कसं बोलतं करायचं ते यांच्याकडूनच शिकले होते.

"गाडी आता ठीक हाये ना जी?"

"एकदम."

"मंग रविवारी मेघा येऊन राहिली पोरीले घेऊन. त्या दोघींले घेऊन मी रामटेकच्या गडावर जाऊन येतो."

मेघा आमची मुलगी. तिची पोर म्हणजे यांचा जीव की प्राण. पेपर हळूच खाली आला. गडाचा उतार यांना चांगला माहीत आहे.

"बसनं जा."

"काहून? ब्रेक तर बरा झाला ना आपोआप?"

त्यांनी पेपरची घडी घातली. मग ते म्हणाले, "सेन्सरच्या दोन वायरी तुटल्या होत्या. म्या जोडून देल्या."

"जोडून देल्या म्हणजे? जंपर मारला?"

त्यांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उघडून तोंडापुढे धरला.  जन्मभर ज्याच्यासाठी लोकांवर केसेस केल्या, तेच या माणसाने स्वतःच्या घरात केलं होतं, आणि तेही ज्या गाडीत मी बसते तिच्यावर. मग मात्र मी ओरडले. शेजारच्या चारुशीलाबाई दार उघडून बाहेर आल्या आणि माझा अवतार पाहून दार लावून घेतलं.

नत्थूला चौकातच बोलावलं. गाडी जागची हलवू द्यायला मी तयार नव्हते. त्याने चाक काढलं, पॅड काढला आणि यांच्या हातात दिला. यांनी तो उलटसुलट केला, वाकून चाकाच्या जागी आत पाहिलं, हा आपल्याच गाडीतला आहे ना याची खात्री केली. त्याही वेळी! पॅडवर काहीच उरलं नव्हतं, नुसती लोखंडी पाटी होती. डिस्कवर बोट अडकावं अशा खाचा पडल्या होत्या.

"काका, म्या सांगतलं होतं," नत्थू म्हणाला. "पॅड घासत घासत सेन्सरपर्यंत आला का थो सेन्सर कटतेच. कटायसाठीच बसवला असते त्याले. थो उडला म्हणजे पॅड संपला." मग चिकटपट्टी गुंडाळलेला जोड त्याच्या हाताला लागला. "अन् हा जंपर कोणं मारला?"

"आधीच्या मालकानं," प्रेमानंद म्हणाले.

"असंन," म्हणत नत्थू पुन्हा कामाला लागला. त्याने वर मानही केली नाही. एवढ्या सहज विश्वास ठेवला त्याने.

मी यांच्याकडे बघत राहिले. हे वाक्य यांनी किती दारांत उभं राहून ऐकलं असेल! यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खर्ऱ्याची पिचकारी मारायला नत्थू उठला तेव्हा हे म्हणाले, "नत्थू, थो म्या मारला."

नत्थूला हसावं की काय करावं ते कळेना. "तुम्ही? गाडी कोण चालवते काका?"

"काकू चालवते."

"अन् काकू, तुम्हाले खरखर ऐकू नाही आली? संशय नाही आला?"

"आला ना," मी म्हटलं. "पण ह्यायनं बरा झाला म्हटलं, म्हणून चालवत राहिलो. ह्यायच्या भरवशावर."

प्रेमानंदांच्या हातात तो पॅड तसाच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाला काही विचारायचं नव्हतं.